शंभर मण्यांची गणितमाळ: घरातील सहा महिन्यांचा अनुभव

मोठ्या शिशुगटात जाणाऱ्या आमच्या मुलीसाठी शंभर मण्यांची गणितमाळ विकत घेतली, त्याला सहा महिने झाले. अनेक शाळांमध्ये ही माळ वापरली जाते. ती घरी घेण्यासारखी आहे का, असा प्रश्न पडलेल्या पालकांसाठी हे लिहीत आहे.

वस्तू अगदी साधी आहे. एका दोरीत दहा लाल आणि दहा पांढरे असे आलटून पालटून शंभर मणी ओवलेले असतात आणि मणी सरकावे म्हणून दोरी थोडी मोकळी ठेवलेली असते. मण्यांवर अंक छापलेले नसतात, आणि माझ्या मते हाच तिचा मोठा गुण आहे. आम्ही ती बोळातील भिंतीवर दोन खिळ्यांना, मुलीच्या छातीइतक्या उंचीवर बांधली.

माळ येण्यापूर्वी मुलगी शंभरापर्यंत अंक घडाघडा म्हणत असे. परंतु जेवायच्या वेळी बारा चमचे मोजून आणायला सांगितले, की तोंडातला आकडा पुढे धावे आणि बोट मागे राहत असे. माळेवर एक मणी सरकवल्याशिवाय पुढचा आकडा म्हणायचा नाही एवढा एकच नियम आम्ही ठेवला, आणि पंधरा दिवसांत चमचे बरोबर येऊ लागले. त्यानंतर कपडे वाळत घालण्याच्या चिमट्याचा खेळ सुरू झाला. मी संख्या सांगायची आणि तिने त्या मण्यापुढे चिमटा लावायचा. सुरुवातीला ती प्रत्येक वेळी पहिल्या मण्यापासून मोजत असे. एके दिवशी चौतीस सांगितल्यावर तिने तीन रंगपट्ट्यांवरून सरळ हात फिरवला आणि पुढचे फक्त चार मणी मोजले. दशक म्हणजे काय, हे तिला तोपर्यंत कोणीही शब्दांत सांगितलेले नव्हते.

मराठी मुलांसाठी ही माळ विशेष मोलाची आहे, कारण आपली संख्यानामे कठीण आहेत. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतात आणि वीस नंतर, तर लिहिताना 2 आधी येतो. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असे वाचन दिले गेले तेव्हा मोठा वाद झाला होता. त्यामागची अडचण मात्र खरी आहे, हे घरात मूल शिकू लागले की कळते. त्यातही 'एकोणतीस' ऐकून मूल हमखास तिसांच्या पुढे जाते. एकोण म्हणजे एक उणा, हे आम्ही माळेवर दाखवले: तिसऱ्या पट्टीच्या शेवटापर्यंत जायचे आणि एक मणी मागे यायचे. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ तिने स्वतःच शोधले. नव्व्याण्णवला पोहोचल्यावर तिने ठामपणे 'एकोणशंभर' म्हटले, आणि तिचा तर्क इतका चोख होता की ती चूक दुरुस्त करताना मला वाईट वाटले.

दोषही सांगितले पाहिजेत. दहाच्या पट्टीत पाचाची खूण नाही, त्यामुळे सात किंवा आठ हे नजरेने ओळखता येत नाहीत आणि मूल पुन्हा एकेक मणी मोजते. मी प्रत्येक पाचव्या मण्यावर शाईचा ठिपका दिला. दोरी तीन महिन्यांत सैल पडून मणी मधोमध लोंबू लागले, तेव्हा ती बदलावी लागली. सोबतचे माहितीपत्रक केवळ इंग्रजीत होते. मणी लहान असल्यामुळे घरात तीन वर्षांखालील बाळ असेल तर माळ त्याच्या हाती लागता कामा नये.

एक मर्यादा मात्र वस्तूच्या रचनेतच आहे. आठ म्हणजे पाच आणि तीन, तसेच सहा आणि दोनही, ही फोड माळेवर नीट खुलत नाही, कारण मणी ओळीतच राहतात. त्यासाठी चिंचोके अधिक चांगले. मूठभर चिंचोके दोन वाट्यांत हवे तसे वाटता येतात आणि त्यांना खर्चही नाही. म्हणून वीसपर्यंतच्या संख्यांशी अजून झगडणाऱ्या चार वर्षांच्या मुलासाठी मी माळ घेण्याची घाई करणार नाही. वीसच्या पुढे गेलेल्या, पाच ते सात वर्षांच्या मुलासाठी ती जरूर घ्यावी आणि कपाटात न ठेवता येता-जाता हात लागेल अशा भिंतीवर बांधावी.