सामन्यानंतरचं बोलणं: गाडीत की जेवण झाल्यावर?

लेकीचा क्रिकेटचा सामना संपतो, किटबॅग डिकीत जाते आणि गाडी पाम बीच रोडला लागते न लागते तोच आई-बाबा सुरू होतात, "तो बॉल सोडायला हवा होता ना?" हेतू चांगलाच असतो. चूक ताजी असताना सांगितली की लक्षात राहील, असं वाटतं. पण लेक दमलेली, भुकेली, आधीच स्वतःवर चिडलेली असते आणि चालत्या गाडीतून तिला उठूनही जाता येत नाही. ती खिडकीबाहेर बघत "हं" म्हणते, संपलं. शिवाय सरांनी एक सांगितलेलं असतं, बाबा दुसरंच सांगतात. मग पुढच्या सामन्यात तिचं अर्धं लक्ष बाबांच्या चेहऱ्याकडे.

दुसरा पर्याय म्हणजे गाडीत पाणी, केळं, तिच्या आवडीची गाणी आणि "तुझा खेळ बघायला मजा आली" एवढंच. विषय जेवणानंतर, तोही तिने काढला तर. फार तर एक प्रश्न, "आज काय जमलं?" बरेचदा चुका ती आपणहून सांगते.

मला हाच पटतो. २०२५ च्या महिला विश्वचषकात भारत सलग तीन सामने हरला होता, आणि २ नोव्हेंबरला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्याच संघाने चषक उचलला. एका शनिवारच्या हरण्यावर बोलायची इतकी घाई कशाला?

दोन गोष्टी मात्र लांबणीवर टाकू नयेत. कुठे दुखत असेल तर लगेच विचारायचं. आणि अंपायरला ती उलट बोलली असेल, तर त्याच दिवशी, शांतपणे, पण स्पष्ट सांगायचं.