प्रिंटरचा ड्रायव्हर शोधायला गेलो आणि साडेबेचाळीस हजारांना बुडालो

लाज वाटते सांगायला, पण सांगतोच. पोरीचं हॉलतिकीट काढायचं होतं आणि कॉम्प्युटरला प्रिंटरच सापडेना, म्हणून ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, सर्च केला आणि सगळ्यात वरची लिंक दाबली. ती जाहिरात होती, तसं बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं, पण वाचतंय कोण. दोन सेकंदात अख्खी स्क्रीन लाल, भोंगा सुरू, व्हायरस शिरलाय, कॉम्प्युटर बंद केलात तर सगळा डेटा जाईल, ताबडतोब या नंबरवर फोन करा. फुली कुठे दिसेना. केला फोन.

पलीकडचा माणूस इतका गोड बोलणारा की काय सांगू, हिंदीत प्रत्येक वाक्याला सर. एनीडेस्क, म्हणजे लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं ॲप, टाकायला लावलं, त्यातला नंबर विचारला, आणि माझा माउस माझ्यासमोर आपोआप फिरायला लागला. त्याने विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर उघडलं. लाल खुणा, पिवळे त्रिकोण, ही एवढी यादी. म्हणे हे सगळे व्हायरस. मी गार.

मग 2,499 रुपयांची 'सिक्युरिटी', कार्डचा नंबर मी त्याच्यासमोरच टाईप केला. ओटीपी सांगितला. म्हणाला पेमेंट फेल झालं, दुसरा येईल तो सांगा, परत फेल, तिसरा सांगा. मी मेसेजमधले फक्त सहा आकडे वाचत होतो, त्याच मेसेजमध्ये पुढे 19,999 लिहिलं होतं, दोन्ही वेळा! ते बघितलं बायकोने, आणि तिने सरळ राउटरची पिन उपटली.

लगेच कार्ड ब्लॉक केलं, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, cybercrime वाल्या सरकारी पोर्टलवर तक्रारही टाकली. एक 19,999 होल्ड झालेत म्हणतात, अजून हातात आले नाहीत. बाकीच्याचं बँक एकच म्हणते, ओटीपी तुम्हीच दिलात.

भाच्याने नंतर त्याच्या कोऱ्या लॅपटॉपवर तेच इव्हेंट व्ह्यूअर उघडून दाखवलं, तिथेही लाल-पिवळं भरपूर. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये असतं, कुठली तरी सर्व्हिस उशिरा सुरू झाली तरी नोंद होते. आणि ती लाल स्क्रीन म्हणजे नुसतं ब्राउझरमधलं पान. एस्केप दाबून धरायचं, नाहीतर कंट्रोल-आल्ट-डिलीट करून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा, परत उघडताना जुनी पानं रिस्टोअर करायची नाहीत, झालं. विंडोजची खरी वॉर्निंग फोन नंबर देत नाही. डिफेंडर नावाचा अँटीव्हायरस तर विंडोजमध्ये फुकटच असतो, मी 2,499 कशाचे भरत होतो देव जाणे. त्या भामट्याने आत अजून काही टाकून ठेवलं असेल म्हणून भाच्याने मशीन फॉरमॅट केलं, पासवर्ड सगळे मोबाईलवरून बदलले.

काल परत फोन आला, आवाज वेगळा, गोडवा तोच. सर आपका रिफंड मंजूर हुआ है, बस एनीडेस्क खोलिए.