ऑनलाइन फॉर्मच्या दुकानासाठी सुमात्रा पीडीएफ: वापरून लिहिलेला अभिप्राय

आमचं दुकान तहसील कचेरीसमोरच्या गल्लीत आहे. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, आधारची प्रिंट, पीक विम्याची पावती, जे काही प्रिंटरमधून बाहेर येतं ते आधी पीडीएफ असतं. त्यामुळे फाइलवर डबल क्लिक केल्यावर काय उघडतं, हा आमच्या धंद्याचा प्रश्न आहे.

गेल्या वर्षी काउंटरच्या मशीनवर एक फुकट मिळणारा पीडीएफ एडिटर टाकला होता. नाव लिहीत नाही. त्यानंतर प्रत्येक पीडीएफ त्याच्यातच उघडायला लागली. आधी ‘अपग्रेड करा’ची खिडकी, ती बंद केली की मग फाइल. समोरचा माणूस म्हणतोय, “ताई, दोन प्रती द्या की पटकन, सर्कल साहेब निघतील,” आणि इथे फुली शोधत बसायचं. तेव्हापासून काउंटरवर सुमात्रा पीडीएफ हा विंडोजवर पीडीएफ उघडून वाचण्याचा आणि छापण्याचा प्रोग्राम आहे, आणि ज्यांचं काम आमच्यासारखं आहे त्यांना मी हेच टाकायला सांगते.

क्रिस्टॉफ कोवाल्चिक या प्रोग्रामरने २००६ मध्ये ते पहिल्यांदा आणलं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, जाहिरात नाही, लॉगिन नाही. आकाराने लहान असल्यामुळे जुन्या ४ जीबी रॅमच्या मशीनवरही क्लिक केल्याबरोबर पान समोर येतं. पीडीएफबरोबर ईपब, डेजाव्यू अशा ई-पुस्तकांच्या आणि स्कॅन केलेल्या कागदांच्या फाइलीही उघडतात, पण मला त्यांची गरज क्वचितच पडते.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट प्रिंटच्या खिडकीत आहे. तिथे ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबमध्ये फक्त विषम पानं किंवा फक्त सम पानं निवडता येतात. आमचा प्रिंटर पाठपोट आपणहून छापत नाही. आधी विषम पानं काढायची, गठ्ठा उलटून ट्रेमध्ये घालायचा, मग सम पानं. खरेदीखताची मोठी फाइल असली की यात किती कागद वाचतो हे झेरॉक्सवाल्यांना सांगायला नको. तिथेच पान छापण्याच्या जागेत बसवण्याचा पर्यायही आहे. सातबाऱ्याची कडेची रेघ कापली जात असेल तर तो निवडा.

आता मूळ दुखण्याकडे येते. सुमात्रा टाकलं तरी डबल क्लिकला एज (विंडोजचा स्वतःचा ब्राउझर) किंवा दुसरंच काही उघडतं, अशी तक्रार बरेच जण करतात आणि दोष सुमात्राला देतात. तो दोष त्याचा नाही. विंडोज ८ पासून कुठल्याही प्रोग्रामने परस्पर डिफॉल्ट, म्हणजे डबल क्लिकला आपोआप उघडणारा, व्हायचं नाही, अशी व्यवस्था आहे. आपण केलेली निवड विंडोज रजिस्ट्रीत, म्हणजे आपल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, एका पडताळणीच्या कोडसह ठेवतं. दुसऱ्या कोणी त्यात हात घातला तर तो कोड जुळत नाही, आणि विंडोज ती निवड रद्द करून पुन्हा आपलंच अ‍ॅप लावतं. म्हणून नेटवर मिळणाऱ्या ‘रजिस्ट्री फिक्स’ फाइली चालवू नका. नवीन प्रोग्राम टाकल्यावर पुढच्या डबल क्लिकला विंडोज विचारतं, कशात उघडू? गर्दीच्या वेळी कोणी न वाचता ‘ऑल्वेज’ दाबलं की ती निवड कायमची बसते. आमच्या त्या एडिटरचं असंच झालं होतं.

विंडोज ११ मध्ये ते असं बदलायचं. पीडीएफवर राइट क्लिक, ‘ओपन विथ’, ‘चूज अनदर अ‍ॅप’, सुमात्रा निवडा आणि ‘ऑल्वेज’ दाबा. नाहीतर सेटिंग्जमध्ये ‘डिफॉल्ट अ‍ॅप्स’ उघडून वरच्या चौकटीत टिंब देऊन पीडीएफ लिहा. सध्या ही फाइल कोणाच्या ताब्यात आहे ते तिथे लगेच दिसतं. फाइलचं चित्र बदललं की काम झालं.

यादीत सुमात्रा दिसतच नसेल तर बहुतेक वेळा कारण एकच असतं. पोर्टेबल आवृत्ती, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट चालणारी, डाउनलोड्समधून किंवा पेन ड्राइव्हवरून चालवलेली असते. तिला डिफॉल्ट केलं आणि पेन ड्राइव्ह काढला की जोडणी तुटते. दुकानात इन्स्टॉलरचीच आवृत्ती घ्या, तीही सगळ्या यूजर्ससाठी टाका. फक्त आपल्या यूजरसाठी टाकली तर ती अ‍ॅपडेटा या लपवलेल्या फोल्डरमध्ये जाते आणि हाताने शोधायची वेळ आली तर सापडत नाही.

आता एक गोष्ट कळकळीने सांगते. सुमात्रा उघडल्यावर पहिल्या पानावर नेहमीच्या फाइलींची छोटी चित्रं दिसतात. घरी ही सोय आहे, काउंटरवर मात्र एकाचं आधार दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर येतं. सेटिंग्जच्या ‘ऑप्शन्स’मध्ये उघडलेल्या फाइली लक्षात ठेवण्याची खूण आहे, ती पहिल्याच दिवशी काढा. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली ४ कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. तो टाकताना ‘हा पासवर्ड लक्षात ठेवा’ अशी चौकट येते, तिच्यावरही खूण करू नका. लोक आपल्याकडे विश्वासाने कागद देतात.

उणीव एकच, पण मोठी. डिजिटल सही खरी आहे का, हे सुमात्रा तपासत नाही. १५ रुपये भरून काढलेला डिजिटल सहीचा सातबारा त्यात नीट दिसतो, पण सहीची पडताळणी होत नाही. ई-आधारचंही तेच. म्हणून त्याच मशीनवर अ‍ॅडोबी रीडर ठेवलाच पाहिजे. त्यात सहीवर प्रश्नचिन्ह आलं तर सहीवर क्लिक करून ‘सिग्नेचर प्रॉपर्टीज’मध्ये जायचं, प्रमाणपत्र उघडून ‘ट्रस्ट’ टॅबमधून ते विश्वासूंच्या यादीत घालायचं आणि पुन्हा पडताळायचं. हिरवी खूण आली की प्रिंट द्यायची. पीडीएफमध्येच फॉर्म भरायचा असेल तरी मी अ‍ॅडोबीच वापरते. तो उघडताना ‘मला डिफॉल्ट करा’ असं विचारेल, तेव्हा नको म्हणा आणि पुन्हा न विचारण्याच्या चौकटीवर खूण करा. मग डबल क्लिकला सुमात्रा, आणि सही तपासायची असली की राइट क्लिक करून अ‍ॅडोबी.

डाउनलोड करताना शोधात वर आलेल्या जाहिरातीवर जाऊ नका. सुमात्रापीडीएफरीडर डॉट ऑर्ग हीच त्याची साइट आहे.