आउट ऑफ द पार्क बेसबॉल: जुने मोसम खेळताना रेटिंगला हात कुठे लावावा

गेले काही महिने माझ्या संगणकावर 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' सोडून दुसरा गेम उघडलेला नाही, आणि त्यातही मी फक्त ऐतिहासिक लीग खेळतो. ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात बॅट फिरवायची नसते. तुम्ही संघाचे मॅनेजर असता, पुढ्यात खेळाडूंच्या याद्या आणि आकड्यांचे तक्ते असतात, आणि सामना गेमचं इंजिन खेळतं. मार्कस हाइनसोन या जर्मन प्रोग्रामरने १९९९ मध्ये पहिली आवृत्ती काढली. १८७१ पासूनचा कुठलाही मोसम निवडता येतो आणि त्या वर्षीचे खरे खेळाडू आपापल्या संघांत हजर असतात. शॉन लाहमन या पत्रकाराने उभा केलेला आणि सगळ्यांना फुकट खुला ठेवलेला डेटाबेस या सगळ्याच्या मुळाशी आहे. त्या आकडेवारीवरून गेम प्रत्येकाला रेटिंग देतो. बॅटरला कॉन्टॅक्ट (चेंडूला बॅट लावणं), पॉवर (लांब फटका), आय (चेंडू पारखणं) वगैरे, पिचरला म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला त्याची वेगळी.

मला फक्त या रेटिंगबद्दल लिहायचंय. जुना मोसम खरा वाटतो की खोटा, ते इथेच ठरतं. बरेच जण गेम घेतला की पहिल्याच दिवशी एडिटर उघडतात आणि आवडत्या खेळाडूचे आकडे वर-खाली करायला लागतात. माझं सांगणं उलट आहे. आधी काळ नीट लावा, मग प्रत्येकाच्या आकड्यामागे पुरावा किती आहे ते बघा, आणि एडिटर सगळ्यात शेवटी उघडा.

काळ म्हणजे काय ते १९६८ वरून लगेच कळतं. बेसबॉलवाले त्या वर्षाला पिचरांचं वर्ष म्हणतात. सेंट लुइसच्या बॉब गिब्सनने १.१२ च्या ईआरएने मोसम संपवला, म्हणजे नऊ इनिंगमागे सव्वा धावही नाही. डेट्रॉइटच्या डेनी मॅक्लेनने ३१ सामने जिंकले. अमेरिकन लीगमध्ये (अमेरिकेतलं सर्वोच्च बेसबॉल, म्हणजे मेजर लीग, अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन लीग मिळून होतं) .३०० च्या वर सरासरी असलेला एकच बॅटर निघाला, बॉस्टनचा कार्ल यास्त्रेम्स्की, आणि त्याची सरासरी होती .३०१. (.३०० म्हणजे दहा संधींत तीन हिट; हिट म्हणजे फटका मारून बेस गाठणं.) आता १९३० कडे या. त्या वर्षी नॅशनल लीगची सगळ्या संघांची मिळून सरासरीच .३०३ होती. बिल टेरीने .४०१ काढली. फिलाडेल्फिया फिलीज .३१५ च्या सरासरीने खेळूनही १०२ सामने हरले, कारण त्यांच्या पिचरांना समोरचे त्याहून जास्त झोडपत होते.

म्हणजे १९६८ मधला .३०१ हा लीगचा विजेता, आणि १९३० मधला .३०१ हा नॅशनल लीगच्या सरासरीच्याही खालचा माणूस. गेम हे ओळखतो आणि त्याचं मला खरंच कौतुक वाटतं. रेटिंग हा निव्वळ आकडा नसतो, त्या वर्षीच्या इतरांच्या तुलनेत हा कुठे उभा आहे एवढंच ते सांगतं. लीगमध्ये एकूण हिट किती, होमरन (थेट मैदानाबाहेरचे फटके) किती, स्ट्राइकआउट (पिचरने चेंडू चुकवून बाद केलेले) किती, हे वेगळ्या जागी ठरतं. सेटिंगमध्ये त्याला लीग टोटल्स म्हणतात, आणि दर मोसमाआधी त्या वर्षीच्या खऱ्या बेरजांवरून इंजिन आपले मॉडिफायर, म्हणजे निकाल वर-खाली करणारे गुणक, स्वतः मोजून घेतं.

हे एकदा समजलं की एक मोठी मेहनत वाचते. १९६८ चा मोसम चालवला की बॅटर दुबळे वाटतात आणि सगळ्यांची कॉन्टॅक्ट रेटिंग थोडी वाढवावीशी वाटते. त्याने काही होत नाही. सगळ्यांना दहा-दहा गुण वाढवून दिलेत तर मॉडिफायर तेवढेच खाली सरकतात आणि लीगची सरासरी जिथल्या तिथे येते. फक्त पाच-सहा नामवंतांना वाढवून दिलंत तर आणखी बिघडतं. लीगच्या हिट ठरलेल्या आहेत, त्यातला मोठा वाटा तुमचे लाडके उचलतात आणि उरलेले शेकडो साधे खेळाडू आपल्या खऱ्या आकड्यांच्या खाली जातात. त्यांच्या कामगिरीवर कुणाचं लक्ष नसतं, म्हणून हे नुकसान दिसतही नाही.

गिब्सनचीच गोष्ट. मोसम पुनःपुन्हा चालवला की त्याचा ईआरए बहुतेक वेळा १.१२ च्या वरच येतो. मग त्याचं रेटिंग आणखी चढवायचं का? माझ्या मते नाही. त्या वर्षी त्याने ३०४ पूर्णांक दोन तृतीयांश इनिंगमध्ये २६८ स्ट्राइकआउट घेतले, ६२ वॉक दिले (खराब चेंडूंमुळे बॅटरला फुकट पहिला बेस) आणि ११ होमरन खाल्ले. एवढ्या तीन गोष्टींवरून हिशेब केला तर ईआरए पावणेदोनच्या आसपास यायला हवा होता. बाकीचा फरक मैदानात पडलेल्या चेंडूंचा. ते कुणाच्या हाती गेले, कुठे निसटले, यात पिचरचा हात फार थोडा असतो, हे व्होरोस मॅक्रॅकेनने २००१ मध्ये मांडलं आणि पिचरांकडे बघायची सगळी रीतच बदलली. गिब्सन महान होता आणि त्या उन्हाळ्यात नशीबही त्याच्या बाजूने उभं होतं. म्हणून १.१२ शक्य असावा पण क्वचितच यावा, असं रेटिंग हेच खरं रेटिंग. प्रत्येक सिममध्ये (गेमने खेळून दाखवलेल्या मोसमात) १.१२ यायला लागला तर समजा की तुम्ही गिब्सनपेक्षा मोठा पिचर बनवून ठेवलाय.

आता पुराव्याकडे वळतो, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ इथे गेलाय. गेममध्ये दर मोसमानंतर खऱ्या आकड्यांवरून रेटिंग नव्याने मोजायची सोय आहे. सगळे तिला रिकॅल्क म्हणतात. एकाच वर्षाचे आकडे धरायचे, तीन वर्षांचे की पाच, हे तुम्ही ठरवायचं. एक वर्ष धरलं की काय होतं त्याचं उत्तम उदाहरण म्हणजे मिलवॉकी ब्रेव्ह्जचा बॉब हेझल. १९५७ च्या जुलैअखेर तो संघात आला आणि ४१ सामन्यांत .४०३ च्या सरासरीने खेळला. त्याच संघात त्या वर्षीचा एमव्हीपी (लीगचा सर्वात मोलाचा खेळाडू) हँक एरन होता, .३२२ आणि ४४ होमरन. एक वर्षाच्या रिकॅल्कवर निव्वळ कॉन्टॅक्टमध्ये हेझल एरनच्या पुढे जाऊन बसतो. खऱ्या इतिहासात पुढच्याच वर्षी हेझलची मेजर लीगमधली कारकीर्द संपली.

त्याच्या .४०३ मागे १३४ ॲट-बॅट (सरासरीत धरल्या जाणाऱ्या संधी) होत्या, म्हणजे ५४ हिट. अशा खेळाडूंसाठी मी साधा हिशेब ठेवलाय. त्याच्या खात्यात ३०० ॲट-बॅट लीगच्या सर्वसाधारण सरासरीने टाकायच्या. .२६० धरली तर ७८ हिट होतात. दोन्ही मिळून ४३४ ॲट-बॅटमध्ये १३२ हिट, म्हणजे .३०४. चांगला बॅटर, पण कुणी देव नव्हे. ज्याच्या नावावर खऱ्याच सहाशे ॲट-बॅट आहेत त्याला असला भराव लागत नाही. सराव झाला की एका संघाचे राखीव खेळाडू तासाभरात होतात, आणि मोसमाच्या खरेपणात या एका तासाने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशानेही पडलेला मी पाहिलेला नाही. पिचरांचंही तेच. वीस-पंचवीस इनिंग अप्रतिम टाकून गेलेला कुणी मोसमभर सुरुवातीचा पिचर म्हणून उभा राहिला की लीगचा तोल जातो.

तीन वर्षांचं रिकॅल्क हा मला सर्वांत समाधानकारक मध्य वाटतो. चालू वर्षाला दुप्पट वजन द्यायचा पर्याय आहे, तो मी चालू ठेवतो, म्हणजे यास्त्रेम्स्कीचं १९६७ चं ट्रिपल क्राउनचं (सरासरी, होमरन आणि संघाला धावा मिळवून देणं, तिन्हींत लीगमध्ये अव्वल) वर्ष इतर वर्षांत विरघळून जात नाही. रिकॅल्क बंद करून खेळाडूंची वाढ पूर्णपणे इंजिनावर सोपवायचाही मार्ग आहे. तेव्हा सँडी कोफॅक्स १९६६ नंतरही खेळत राहू शकतो. खऱ्या आयुष्यात २७ सामने जिंकून, १.७३ च्या ईआरएवर, वयाच्या तिसाव्या वर्षी संधिवाताने त्याला थांबावं लागलं. तो मार्गही सुंदर आहे, पण तो 'असं झालं असतं तर'चा खेळ आहे. दोन्हींची अपेक्षा एकाच फाइलकडून करू नका.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं मात्र हाताने हाताळावीच लागतात. टेड विल्यम्स १९४३ ते ४५ नौदलात होता, बॉब फेलरही युद्धावर. मैदानात उरले ते फार तरुण, फार वयस्क किंवा सैन्याने नाकारलेले. सिनसिनाटीने १९४४ मध्ये पंधरा वर्षांच्या जो नक्सहॉलला पिचर म्हणून उतरवलं. १९४५ मध्ये न्यू यॉर्क यांकीजचा स्टर्नवाइस .३०९ वर अमेरिकन लीगच्या बॅटिंगमध्ये पहिला ठरला आणि सगळे परतल्यावर १९४६ मध्ये .२५१ वर आला. त्याचं युद्धकाळातलं रेटिंग जसंच्या तसं पुढे नेणं इतिहासाला धरून नाही. पण म्हणून सगळ्यांवर सरसकट कात्री चालवू नका. डेट्रॉइटच्या हॅल न्यूहाउसरने १९४४ आणि ४५ अशी दोन्ही वर्षं एमव्हीपी मिळवली आणि त्याच्याबद्दलही 'युद्धातला पिचर' असं बोललं जायचं. १९४६ मध्ये पूर्ण ताकदीच्या लीगसमोर त्याने २६ सामने जिंकले, ईआरए १.९४. माझ्या फाइलमध्ये स्टर्नवाइस खाली आहे आणि न्यूहाउसर जिथल्या तिथे. पुढच्या वर्षांचा पुरावा हातात असताना तो वापरलाच पाहिजे.

बेब रूथसाठी एक छोटी सूचना. १९२० मध्ये त्याने एकट्याने ५४ होमरन मारले, आणि अमेरिकन लीगमधल्या दुसऱ्या कुठल्याही अख्ख्या संघाचे तेवढे नव्हते. रेटिंग २० ते ८० च्या पट्टीवर पाहिलीत तर तो आणि त्याच्या मागचा खेळाडू जवळजवळ दिसतात. मोठी पट्टी निवडा, मग ती दरी दिसते. मैदानांबाबतही सावध राहा. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १,६०० मीटरवर आहे, तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो. तिथल्या संघातल्या लॅरी वॉकरच्या १९९९ च्या .३७९ मध्ये त्या हवेचा वाटा आहेच. आकडे मैदानानुसार सम करून न घेता मैदानाचा परिणामही चालू ठेवलात तर डोंगराचा फायदा त्याला दोनदा मिळतो.

आणि निग्रो लीग्ज, म्हणजे वर्णभेदामुळे मेजर लीगबाहेर ठेवलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या लीग. हा विषय मला सर्वांत जवळचा आहे, म्हणून नीट लिहितो. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ मधल्या सात निग्रो लीग्जना मेजर लीगचा दर्जा दिला, आणि मे २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदींत आली. .३७२ च्या कारकिर्दीच्या सरासरीने जॉश गिब्सन आधी पहिल्या क्रमांकावर असलेल्या टाय कॉबच्या पुढे गेला. रेटिंग लावताना अडचण अशी की त्यांचे नोंदलेले मोसम लहान, बहुतेकदा साठ ते ऐंशी सामन्यांचे. आपल्याकडे भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्रासाठी नाबाद ४४३ केल्या आणि त्यांना एकही कसोटी मिळाली नाही. त्यांचा खरा दर्जा नुसत्या एका आकड्यावरून ठरवणं जेवढं कठीण, तेवढंच हे.

काही जण यावर उपाय म्हणून या सगळ्यांची रेटिंग एका ठोक टक्क्याने कापतात. मला ते मान्य नाही. भराव टाका, हेझलला टाकला तसाच, कारण सामने कमी आहेत. लीग दुबळी होती असं धरून वेगळी कात्री लावू नका. पुरावा समोर आहे. मेजर लीगमधली वर्णभेदाची बंदी मोडून जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ ला ब्रुकलिनसाठी उतरला, आणि १९४९ ते १९५९ या अकरा वर्षांत नॅशनल लीगचा एमव्हीपी नऊ वेळा निग्रो लीग्जमध्ये खेळून आलेल्या माणसाला मिळाला. रॉबिन्सन, कॅम्पानेला तीनदा, मेज, न्यूकम, एरन, बँक्स दोनदा. सॅचेल पेज बेचाळिसाव्या वर्षी क्लीव्हलँडकडून पहिल्यांदा मेजर लीगमध्ये आला आणि सहा सामने जिंकून एकच हरला. अशी माणसं घडवणाऱ्या लीगचा दर्जा कमी धरायला मला एकही कारण सापडलेलं नाही. माझ्या १९३५ च्या फाइलमध्ये जॉश गिब्सन बेसबॉलमधला सर्वांत ताकदवान कॅचर आहे, आणि तो आकडा मी एडिटरने वाढवलेला नाही, भराव टाकूनच तिथे आला आहे.

खरेदीबद्दल एवढंच सांगतो. दरवर्षी वसंतात नवी आवृत्ती येते, पण फक्त जुने मोसम खेळायचे असतील तर सवलतीत मिळणारी मागची आवृत्ती पुरते. भारी ग्राफिक्स कार्ड लागत नाही. प्रोसेसर बरा असेल तर मोसम पटकन सिम होतात, आणि इथे ते महत्त्वाचं आहे, कारण रेटिंग बदलल्यावर एकाच मोसमावरून निष्कर्ष काढता येत नाही. फाइलची प्रत ठेवून तोच मोसम वेगवेगळा चालवा, लीगच्या बेरजा आणि राखीव खेळाडूंचे आकडे आधी तपासा, नामवंतांचे नंतर. सुरुवात १९६८ पासून करा. पुढच्याच वर्षी पिचरच्या माउंडची (चेंडू टाकायच्या उंचवट्याची) उंची १५ इंचांवरून १० वर आली आणि चार नवे संघ आले, त्यामुळे लीग टोटल्स बरोबर लागल्या आहेत की नाही ते १९६९ च्या पहिल्या महिन्यातच समजतं.