बेळगाव परिसरातून पीएच.डी. : प्रयोगशाळा, आरोग्य संशोधन की उपयोजित गणित?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून विज्ञान शाखेत एम.एस्सी. झालेल्या मुलामुलींच्या मनात पीएच.डी.चा विचार आला की घरात पहिली चर्चा विद्यापीठाची होते: राणी चन्नम्मा की शिवाजी, धारवाड की गोवा. माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पुढची चार ते सहा वर्षे आपले काम कशावाचून अडणार आहे, हे त्याआधी ठरवावे लागते. प्रयोगशाळेतील संशोधन यंत्रावाचून अडते, आरोग्य संशोधन माणसांवाचून आणि परवानग्यांवाचून अडते, तर उपयोजित गणित दुसऱ्याने गोळा केलेल्या आकडेवारीवाचून. सीमाभागातील मराठी घरातला विद्यार्थी, शक्यतो घर न सोडता किंवा फार दूर न जाता, यांतले काय निवडू शकतो, एवढ्यापुरतीच ही तुलना आहे.

प्रयोगशाळेबद्दल थोडक्यात सांगता येते. पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्रात पातळ थरांचे किंवा नॅनो पदार्थांचे काम घेतले, तर नमुना तयार करणे हे तुलनेने हातातले काम असते. त्याची एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना पाहणे) आणि एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पृष्ठभाग पाहणे) तपासणी मात्र जिथे यंत्र आहे तिथल्या रांगेत जाऊन पडते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा (स्थापना १९६२) पदार्थविज्ञान विभाग पातळ थरांच्या संशोधनासाठी नावाजलेला आहे आणि बेळगावहून कोल्हापूर सुमारे ११० किलोमीटरवर आहे. धारवाड त्याहून जवळ आहे, तिथे कर्नाटक विद्यापीठ तर आहेच, शिवाय २०१६ पासून आयआयटीही आहे. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली स्थापन झाले, म्हणजे या दोन जुन्या विद्यापीठांच्या मानाने ते तरुण आहे. माझा सल्ला सरळ आहे: यंत्र ज्या आवारात आहे त्याच आवारात प्रवेश मिळत असेल तरच ही वाट घ्यावी. विभागप्रमुखांना सुविधांची यादी विचारण्यापेक्षा तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठावे आणि नमुना दिल्यापासून अहवाल हाती येईपर्यंत किती दिवस जातात व त्याचे पैसे कोण भरते, एवढे दोनच प्रश्न विचारावेत. याला एक अपवाद आहे, तो औषधी वनस्पतींच्या अभ्यासाचा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पारंपरिक औषधविषयक राष्ट्रीय संस्था बेळगावातच आहे आणि खानापूरपासून पुढे सह्याद्रीचे जंगल सुरू होते, त्यामुळे कच्चा माल आणि प्रयोगशाळा एका तासाच्या अंतरावर सापडणारी अशी जागा सहजी मिळत नाही. राखीव जंगलातून नमुने गोळा करण्यासाठी वन खात्याची परवानगी लागते, हे वेळापत्रक आखतानाच धरून चालावे.

आरोग्य संशोधनाकडे मी अधिक जागा देत आहे, कारण या क्षेत्रात बेळगावचे नाव जगाच्या नकाशावर आहे आणि गावातल्याच अनेकांना ते ठाऊक नाही. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या (स्थापना १९६३) संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर बेळगाव जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत एक चाचणी केली. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात, पण ते थंड ठेवावे लागते आणि टोचायला प्रशिक्षित हात लागतो. खेड्यात घरी किंवा उपकेंद्रावर होणाऱ्या बाळंतपणात हे दोन्ही नसले तर मिसोप्रोस्टॉलची तोंडाने घ्यायची गोळी चालेल का, असा प्रश्न होता. १,६२० महिलांचा त्यात सहभाग होता. औषध देणाऱ्या सहायक परिचारिका प्रसविका होत्या, डॉक्टर नव्हते. रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले आणि हा निबंध २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी मिसोप्रोस्टॉलचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.

या चाचणीतली एक वस्तू संशोधनाची दिशा ठरवू पाहणाऱ्याने नीट पाहण्यासारखी आहे. रक्त किती गेले हे तोपर्यंत बहुधा नजरेच्या अंदाजाने ठरत असे आणि तो अंदाज कमीच निघत असे. या गटाने प्लास्टिकची एक चादर वापरली, जी बाळ जन्मताच आईच्या कमरेखाली सरकवायची. तिच्या खालच्या टोकाला नरसाळ्यासारखी निमुळती पिशवी आणि त्या पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा. परिचारिकेने खुणेवरचा आकडा वाचायचा, बस्स. आरोग्य संशोधनात मोठ्या यंत्राआधी अशी मोजण्याची साधी आणि विश्वासार्ह रीत लागते, आणि ती माजघरात किंवा उपकेंद्राच्या खाटेवर टिकावी लागते.

येथे सीमाभागातील विद्यार्थ्याच्या पदरी एक भांडवल आहे, ज्याची किंमत तो स्वतः करीत नाही. संशोधनात सहभागी होणाऱ्या व्यक्तीला तिच्या भाषेत समजावून सांगून संमती घ्यावी लागते. खानापूर तालुक्यातील एखाद्या वाडीत मराठीतून आणि तासाभरावरच्या बैलहोंगलात कन्नडमधून तोच मजकूर तितक्याच सहजतेने सांगू शकणारा माणूस पुण्या-मुंबईहून आणता येत नाही. निपाणीच्या तंबाखूच्या वखारी आणि विडी वळणाऱ्या बायका, बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्रींमधली धूळ आणि कामगारांची फुप्फुसे, असे प्रश्न दारात आहेत. शेजारच्या दोडामार्ग आणि सत्तरीत पोहोचलेला क्यासनूर जंगल ताप (गोचिडींमुळे पसरणारा, १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेलेला) हाही त्यातलाच. त्याचा विषाणू हाताळायला उच्च जैवसुरक्षेची प्रयोगशाळा लागते, पण काजूच्या बागेत कोण, कधी आणि कशासाठी जातो हे विचारायला वही आणि ओळख पुरते.

या वाटेच्या अडचणीही तितक्याच ठोस आहेत. आचारनीती समितीची मंजुरी हवी. औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी भारतीय चिकित्सा चाचणी नोंदवहीत नोंद हवी. परदेशी निधी असेल तर केंद्राच्या पातळीवरची छाननी वेगळी. यात काही महिने जातात आणि ते पीएच.डी.च्या मुदतीतूनच जातात. दुसरी अडचण फारशी बोलली जात नाही. मोठ्या बहुराष्ट्रीय चाचणीत प्रश्न आधीच ठरलेला असतो. मुदतपूर्व प्रसूती टाळण्यासाठी कमी मात्रेच्या ॲस्पिरिनची चाचणी सहा देशांत ११,९७६ महिलांवर झाली, तिच्या केंद्रांत बेळगाव होते, आणि २०२० साली आलेल्या निष्कर्षात हे प्रमाण १३.१ वरून ११.६ टक्के झाल्याचे दिसले. असे काम जवळून पाहणे हे उत्तम शिक्षण आहे, परंतु त्यातला माहिती गोळा करणारा हात होणे म्हणजे पीएच.डी. होणे नव्हे. आपला वेगळा, छोटा प्रश्न कोणता आणि त्याची माहिती प्रबंधात वापरण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हे प्रवेशाआधी लेखी ठरवून घ्यावे. एम.बी.बी.एस. नसलेल्यांनी संख्याशास्त्र, पोषण किंवा सार्वजनिक आरोग्याच्या बाजूने आत शिरावे. तिथे त्यांची गरज खरोखर असते.

उपयोजित गणिताला यंत्र लागत नाही, दुचाकीवरून गावोगाव फिरावे लागत नाही, आणि लागणारी ‘आर’ किंवा ‘पायथन’ ही संगणकीय भाषा फुकट मिळते. म्हणून नोकरी करणाऱ्यांचा ओढा इकडे असतो. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून बेळगावात आहे आणि त्याच्याशी संलग्न अभियांत्रिकी महाविद्यालयांतील संशोधन केंद्रांतून गणितात पीएच.डी. करता येते. आपल्या भागात द्रवगतिकी आणि ग्राफ थिअरी (बिंदू व त्यांना जोडणाऱ्या रेषांचे गणित) हे रुळलेले विषय आहेत. त्यांत चांगले काम होते, पण तेच समीकरण घेऊन त्यात एक गुणक वाढवायचा, संगणकावर सोडवायचे आणि आलेख जोडायचे, असेही पुष्कळ होते. असा प्रबंध मंजूर होतो. पुढे त्याचा कोणाला उपयोग होतो, हे मात्र शोधावे लागते.

त्यापेक्षा प्रत्यक्ष आकडेवारीला भिडणारे गणित निवडावे, असे मी सुचवीन. साथीच्या रोगांचे आज सर्वत्र शिकवले जाणारे गणिती प्रारूप कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये मांडले, तेव्हा त्यांनी पडताळणीसाठी घेतलेले आकडे मुंबईतील १९०५-०६ च्या प्लेगच्या साप्ताहिक मृत्यूंचे होते. वक्र आकड्यांवर सुरेख बसला. नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले की तो प्लेग उंदीर, पिसवा आणि ऋतुमान यांच्या तालावर चालत होता व त्या प्रारूपात यांपैकी काहीच नव्हते. वक्र जुळला म्हणजे कारण सापडले असे होत नाही, ही समज ज्या गाईडकडे आहे त्याच्या हाताखाली काम करावे. आपल्याकडे असा जिवंत विषय म्हणजे कृष्णेचा पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरबरोबर चिकोडीच्या नदीकाठची गावेही पाण्याखाली गेली आणि कर्नाटकातील अलमट्टी धरणामुळे मागे साचणाऱ्या पाण्याचा, म्हणजे फुगवट्याचा वाद पुन्हा पेटला. दोन्ही राज्यांत त्यावर आवेशाने बोलणारे भरपूर आहेत, पाण्याचा हिशेब मांडणारे थोडे. केंद्रीय जल आयोगाच्या मोजणी केंद्रांची आकडेवारी इंडिया-डब्ल्यूआरआयएस या संकेतस्थळावर पाहता येते. धरणाच्या दरवाजांचे तासागणिक आकडे हवे असतील तर पाटबंधारे खात्याकडे अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज असा क्रम चालतो, आणि हीच या वाटेची खरी अडचण आहे.

पैशाने ही तुलना बदलते. जेआरएफ (राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. अशा विद्यार्थ्याने बेळगावला चिकटून न राहता चांगल्या प्रयोगशाळेमागे जावे. फेलोशिप नसेल तर खासगी अभिमत विद्यापीठाचे शुल्क आणि सरकारी विद्यापीठाचे शुल्क शेजारी ठेवून पाहावे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातील ८६५ गावांच्या मराठी विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रातील व्यावसायिक पदवी प्रवेशांत जी तरतूद आहे, ती पीएच.डी.लाही आपोआप लागू होते असे गृहीत धरू नये. त्या वर्षीची माहितीपत्रिका वाचावी.

वाचनसाहित्याच्या बाबतीत सरकारी संस्था आता पुढे आहेत, कारण जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत त्यांना सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची केअर यादी बंद केली, त्यामुळे पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके ओळखण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर आणि गाईडवर आली आहे.

माझा कौल असा आहे. जेआरएफ आहे आणि घर सोडता येते, त्याने प्रयोगशाळा घ्यावी व कोल्हापूर, धारवाड किंवा त्यापुढे जावे. दोन्ही भाषा येतात, माणसांत वावरायला आवडते आणि परवानग्यांची वाट पाहण्याचा संयम आहे, त्याने बेळगावातच राहून आरोग्य संशोधन करावे. तिन्हींत आपल्या मातीतल्या माणसाला सर्वांत अनुकूल वाट हीच आहे. पदवी महाविद्यालयात शिकवणाऱ्यांनी नोकरीच्या ठिकाणचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन अर्धवेळ उपयोजित गणित करावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ची किमान मुदत तीन वर्षांची व कमाल सहा वर्षांची आहे. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी असू शकतात, शिवाय निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्या गाईडला नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून जागा रिकामी आहे का, हे अर्ज भरण्याआधीच विचारावे. आणि मनात असलेल्या गाईडच्या दोन विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावेत, त्यांतली नोंदणीची व सादर करण्याची तारीख पाहावी, आणि मग आकडेवारी कुठून आली हे सांगणारे प्रकरण शांतपणे वाचावे.