वाफा राहिल्या, १८,५०० गेले

लिहायला लाज वाटते, तरी लिहितो. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी मी दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन घेतो. दुसऱ्या इंजेक्शननंतर वाफा सुरू झाल्या. छातीतून उकळी वर चढते, कानशिलं तापतात, बनियन पिळून काढावा इतका घाम, आणि मग हुडहुडी. रात्रीतून चार-पाच वेळा. डॉक्टरांना बोललो नाही. 'हे बायकांचं दुखणं' असं डोक्यात बसलेलं. बोललो कुणाशी, तर मोबाइलवर जाहिरात करणाऱ्या माणसाशी!

'काका, काका' करत त्यानं वीस मिनिटं ऐकून घेतलं. दवाखान्यात कोण इतकं ऐकतं? (स्वतःचीच वकिली करतोय, कळतंय मला.) कॅप्सूलचा पहिला डबा ४,२००. चार दिवस बरं वाटलं, किंवा मलाच वाटून घ्यायचं होतं. मग 'पूर्ण कोर्स' १४,३००. सगळे पैसे कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर. बिल नाही.

आता ते वाक्य, जे आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. "काका, वाफा जातीलच, शिवाय गेलेलं पुरुषी हार्मोनही परत येईल." अहो, ते बंद पाडायलाच तर मी सुई टोचून घेतोय! टेस्टोस्टेरॉनवर हा कॅन्सर पोसतो, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत चित्र काढून समजावलं होतं. तो कागद फाइलमध्ये आहे. आणि मी काय विचारलं? "किती दिवसांत?" पाठोपाठ तो म्हणाला, "डॉक्टरांना सांगू नका, ते घाबरवतात." तिथे तरी फोन ठेवायचा!

तेविसाव्या दिवशी रक्त तपासलं. टेस्टोस्टेरॉन ५० च्या खाली हवं, माझं ७४. कॅप्सूलमुळेच का, हे डॉक्टरांनाही छातीठोकपणे सांगता येईना, कारण डब्यावर 'दुर्मिळ वनस्पती' यापलीकडे काही लिहिलेलंच नाही. अमेरिकेत 'पीसी-स्पेस' नावाच्या कॅप्सूल अशाच आठ वनस्पतींच्या म्हणून प्रोस्टेटवर विकल्या जायच्या. आत निघालं रक्त पातळ करणारं वॉरफरिन आणि कृत्रिम इस्ट्रोजेन. २००२ मध्ये माल परत घ्यावा लागला.

पोलीस म्हणाले, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?" अन्न व औषध प्रशासनातले औषधवाले म्हणाले, हे फूड सप्लिमेंट, अन्नवाल्यांकडे जा. अन्नवाले म्हणाले, आजार बरा करण्याचा दावा आहे, म्हणजे औषध. दोन्ही टेबलांमध्ये दहा पावलं, मी तीन वेळा चाललो. बँक म्हणाली, ओटीपी तुम्हीच टाकलात. 'वाफा म्हणजे नक्की काय?' असं एका साहेबांनी मोठ्यानं विचारलं, तेव्हा मागची रांग हसली. हातात आला फक्त तक्रार क्रमांक.

वाफांवर डॉक्टरांकडे गोळ्या असतात, मागा. मला व्हेन्लाफॅक्सिन दिली, आता रात्री एकदाच जाग येते. थकव्याला वजनं उचलायचा व्यायाम, तोही विचारून. या इंजेक्शनांवर असाल तर हाडांची घनता तपासून घ्या, ती झिजताना कळत नाही. आणि डबा फेकू नका, पुरावा तेवढाच.

काल नव्या नंबरवरून तोच आवाज: "काका, वाफा कशा आहेत?"