इपॉक्सी सांगून ऑइलपेंट मारून गेला, शेडचं फ्लोअरिंग करणाऱ्यांनी पहिले डबे मोजा

आमचं गाव वणी तालुक्यात, सगळी काळी जमीन. मागच्या वर्षी कापसाचे पैसे आले त्यातून घराच्या बाजूला गाडी अन् ट्रॅक्टर ठेवायसाठी शेड बांधलं, १५ बाय २० चं, वर टिन, तीन बाजूनं विटांची भिंत, समोर शटर. इतकी वर्षं ट्रॅक्टर लिंबाखाली राहायचा अन् गाडी आंगणात, उन्हानं गाडीचे रबर कडक होऊन फाटले होते म्हणून हे काम काढलं. बाबांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच, "जाड शहाबादी टाक खरबरीतवाली, ऑइल सांडलं तं सांडलं, फुटली तं एक फर्शी बदलता येते." मी ऐकलं नाही. ते नाही ऐकलं म्हणून २२ हजार रुपये गेले अन् वरून सगळं उखडायचा खर्च वेगळा, हे कोणाच्या घरी परत होऊ नये म्हणून एवढं लांबलचक लिहून राह्यलो.

तालुक्याला हार्डवेअरच्या दुकानात सिमेंट बोलायला गेलो होतो तिथं हा माणूस भेटला. नाव लिहीत नाही. बोलायला एकदम चांगला, बाबांना काकाजी काकाजी म्हणायचा, मोबाईलमध्ये मोठ्या मोठ्या शोरूमचे, कंपन्यांचे चकाचक फरशीचे फोटो. इपॉक्सी म्हणजे काँक्रीटवर पसरवला की कडक होणारा प्लास्टिकसारखा थर. म्हणे, "दादा, इपॉक्सी करून घ्या, दोन एमएमचा थर देतो, ट्रॅक्टर चालवा, डिझेल सांडवा, काही होत नाही." भाव सांगितला ७५ रुपये फूट, ३०० फुटाचे साडेबावीस हजार, घासाघीस करून २२ हजारात ठरलं. एका साध्या कागदावर त्यानं लिहून दिलं, इपॉक्सी, दोन एमएम, ३०० फूट, इतकंच, ना शिक्का ना जीएसटी नंबर. १५ हजार मी तिथंच यूपीआयनं पाठवले. फोटो कोणाच्या कामाचे, ते काम कुठं आहे, जाऊन पाहता येते का, यातलं एकही मी विचारलं नाही, अन् मुख्य चूक तीच झाली.

आखाजीच्या दोन दिवस आधी आमच्या मिस्त्रीनं काँक्रीट टाकलं. सात दिवस पाणी मारलं अन् नवव्या दिवशी हा दोन पोरं घेऊन हजर. मी म्हटलं अजून ओलं वाटते, तर त्यानं वरून हात फिरवून दाखवला, "पाहा ना दादा, हाताले काही लागते का, ४४ डिग्री ऊन आहे, खडखडीत वाळलं." वरून वाळलंच होतं. काँक्रीट आतून वाळायला किती दिवस लागतात ते मला आता समजलं. इपॉक्सी टाकायच्या आधी काँक्रीट किमान २८ दिवसांचं पाहिजे, अन् त्यावरही दीड-दोन फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूनं टेप मारून एक दिवस-रात्र चिकटवून ठेवायचा, सकाळी काढला अन् खाली पाण्याचे थेंब दिसले किंवा तेवढी जागा काळपट झाली तर अजून ओल आहे, काम करायचं नाही. दहा रुपयाचा प्लास्टिक लागते याला. त्यानं हे केलं नाही अन् करायचं असते हेही सांगितलं नाही.

घासायची मशीनही आणली नव्हती. झाडू मारला, ओला कपडा फिरवला अन् सुरू. आता मी काय पाहिलं ते नीट सांगतो, कारण सगळी फसवणूक त्याच दिवशी माझ्या डोळ्यासमोर चालू होती अन् मी खुर्ची टाकून पाहत बसलो होतो. २० लिटरचा एक डबा, वरचं लेबल फाडलेलं. सकाळी साडेनऊला झाकण उघडलं, काडीनं ढवळलं, बाटलीतून थिनर टाकलं अन् रोलरनं मारणं चालू केलं. बारा वाजता जेवायला बसले तेव्हा डबा तसाच उघडा. जेवण करून, झोप काढून, तीन वाजता तोच डबा, तोच रोलर, थोडं अजून थिनर, अन् पाच वाजेपर्यंत दुसरा हात झाला. राखाडी रंग असा चमकला की माय बाहेर येऊन म्हणे, "आरशावाणी झालं रे." संध्याकाळी उरलेले ७ हजार नगदी दिले अन् चहा पाजून पाठवलं. डबा वापस नेला त्यात अर्ध्याच्या वर माल होता, हेही मी पाहिलं.

चार दिवस आम्ही शेडमध्ये पाय नाही ठेवला. पाचव्या दिवशी वावरातून ट्रॅक्टर आला, दुपारचा, टायर तापलेले, तो आत लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी काढला तर चारही टायरखालचा रंग टायरलाच चिकटून वर आला. मागच्या टायरच्या प्रत्येक गट्टूला राखाडी पापडी लागलेली, अन् खाली त्याच नक्षीचं उघडं काँक्रीट. एक पापडी उचलून पाहिली तर सायीइतकी पातळ, खालून ओलसर, काँक्रीटची पांढरी भुकटी लागलेली. मी त्याला फोन केला. पहिल्या दिवशी म्हणे "ट्रॅक्टर लवकर लावला तुम्ही", दुसऱ्या दिवशी म्हणे "येतो पाहून घेतो", मग फोन उचलणं बंद, मग नंबरच बंद. हार्डवेअरवाल्याला विचारलं तर तो म्हणे माझा माणूस नाही, फक्त दुकानात उभा राहायचा.

तरी मला वाटत होतं की माल इपॉक्सीच आहे, आपणच घाई केली. पाऊस लागला अन् खालून ओल येऊन जागोजागी फोड आले, बोटानं दाबलं की आतून पाणी निघायचं. तेव्हा जुलैमध्ये भाचा आला, तो बुटीबोरीला एमआयडीसीत एका कंपनीत आहे, त्यांच्याकडे फ्लोअरिंग हेच. त्यानं खाली बसून पाहिलं अन् पहिला प्रश्न विचारला, "मामा, डबे किती होते?" मी म्हटलं एक. तो म्हणे, "मग हे इपॉक्सी नाहीच." त्यानं कपड्यावर थिनर घेतलं अन् रंगावर पाच मिनिट ठेवून घासलं तर कपडा राखाडी होऊन आला. पक्कं झालेलं इपॉक्सी असं पेंटच्या थिनरनं पुसून निघत नाही, हा साधा ऑइलपेंट.

भाच्यानं समजावलं ते तुम्हीही ध्यानात ठेवा. या कामाच्या इपॉक्सीचे दोन वेगवेगळे डबे येतात, एक रेझिन अन् एक हार्डनर. दोन्ही कंपनीनं सांगितलेल्या मापात मिसळले की आतमध्ये रिॲक्शन सुरू होते अन् माल गरम व्हायला लागते. मिसळल्यावर अर्ध्या-पाऊण तासात तो फरशीवर पसरवावा लागते, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर त्याच्याही आधी. बादलीत तसाच ठेवला तर बादलीतच दगड होते. म्हणजे सकाळी साडेनऊचा डबा संध्याकाळी पाच वाजता रोलरला लागत होता हाच पुरावा होता. तो माणूस जेवून झोपला तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. पण माहीतच नव्हतं.

दुसरा हिशोब मी स्वतः केला अन् तो करताना माझं मलाच वाईट वाटलं, कारण हा शाळेतल्या पोराचा हिशोब आहे. ३०० चौरस फूट म्हणजे जवळपास २८ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक एमएम थर द्यायचा तर एक लिटर माल लागते. दोन एमएमला दोन लिटर. २८ दुणे ५६ लिटर. तो आणला २० लिटर अन् त्यातला अर्ध्याच्या वर घरी घेऊन गेला. म्हणजे थिनरसकट आठ-नऊ लिटरमध्ये त्यानं माझं शेड रंगवलं, अन् थिनर उडून गेल्यावर उरलं काय असेल ते तुम्हीच पाहा. कोणीही तुम्हाला एमएममध्ये थर सांगितला की चौरस फुटाला १०.७६ नं भागा, एमएमनं गुणा, तितके लिटर माल अंगणात उतरला पाहिजे. तुमच्यासमोर, सीलबंद, लेबलसकट, तारीख वाचता आली पाहिजे. उतरल्याशिवाय पैसे नाही.

अन् एक गोष्ट, खरं इपॉक्सी टाकलं असतं तरी आमच्या शेडमध्ये टिकलं नसतं असं मला आता वाटते. दिवाळीनंतर काँक्रीटलाच आडवी भेग पडली, एका बाजूनं नखभर वर आलं. आमच्या काळ्या मातीची गोष्ट विदर्भातल्या माणसाला सांगायची गरज नाही, पावसाळ्यात फुगते अन् उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत विळा पडला तर हाताला लागत नाही. पायव्याची जी माती निघाली होती तीच भरतीत वापस टाकून वर अर्धा फूट मुरूम दाबला होता, मुरमाच्या ट्रॉल्या वाचल्या म्हणून मीही खूश होतो. मिस्त्रीला दोष देत नाही, मी उभा होतो तिथं. पण ४५ एचपीचा ट्रॅक्टर दोन टनाच्या आसपास जाते, खालची माती हलते अन् वर दोन टन उभे, मग वरचा थर कोणताही असो.

भाचा म्हणे ट्रॅक्टरसाठी इपॉक्सी करायचंच कायले, ओलं झालं की घसरते, शटरमधून ऊन येते तिथं पिवळं पडते, अन् कल्टिव्हेटरचा फाळ ओढला की ओरखडा पडतोच. बाबा काही बोलले नाही, तेच जास्त लागलं.

या उन्हाळ्यात सगळं फोडलं. दोन फूट काळी माती काढून फेकली, सात ब्रासच्या वर मुरूम लागला (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), एकदम नाही भरला, अर्धा अर्धा फूट टाकून पाणी मारून धुम्मसनं ठोकून घेतला. त्यावर गिट्टीचं सोलिंग, मग जाड प्लास्टिक अंथरलं खालची ओल येऊ नये म्हणून, अन् वर पाच इंच काँक्रीट एम-२०, म्हणजे सिमेंट, रेती, गिट्टी एकास दीडास तीन. तुमच्या हिशोबाला कामी येईल म्हणून सांगतो, ३०० फुटाला पाच इंचाचे सिमेंटच्या २९ बोऱ्या, अर्धा ब्रास रेती अन् एक ब्रासच्या थोडी वर गिट्टी लागली. दुसऱ्या दिवशी कटरनं मधोमध उभी-आडवी सव्वा इंच खोल चीर मारून चार भाग केले, आकसताना भेग पडायची ती चिरीतच पडते. वर पॉलिश नाही, ओलं असतानाच खराट्यानं रेघा मारल्या, टायर धरते. शटरकडं चार इंच उतार ठेवला.

गेलेल्या पैशाचं म्हणाल तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ ला फोन करून माहिती घेतली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणं जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार टाकता येते, पाच लाखापर्यंतच्या कामाला फी नाही. माझ्याकडे बिल नाही, ७ हजार नगदी दिले त्याची पावती नाही. पण यूपीआयची १५ हजाराची नोंद आहे, त्याच्या हातची चिठ्ठी आहे, टायरला चिकटलेल्या पापडीचे तारखेसकट फोटो आहेत अन् दोन पापड्या मी पिशवीत घालून ठेवल्या आहेत. यवतमाळला तक्रार टाकायचे कागद जुळवून राह्यलो. त्याचा पत्ता माहीत नाही हीच मोठी अडचण आहे, म्हणून कोणीही काम सांगायच्या आधी माणसाचा पक्का पत्ता अन् नंबर छापलेलं बिल घ्या, अन् ॲडव्हान्स मालाच्या किमतीपेक्षा जास्त देऊ नका. बाकीचे पैसे एक पाऊस पडल्यावर अन् उन्हात तापलेला ट्रॅक्टर एकदा उभा करून पाहूनच द्या, ज्याला कामाची खात्री आहे तो थांबते.

आज काँक्रीटला १९ दिवस झाले. ओली पोती टाकून ठेवली आहेत, सकाळ-संध्याकाळ बाबा स्वतः पाणी मारतात, मिस्त्री १४ दिवस पुरे म्हणे पण ते ऐकत नाहीत. ट्रॅक्टर लिंबाखालीच आहे, २८ दिवस होईपर्यंत आत येणार नाही. ऑइल गळते त्या जागेवर शहाबादीचा एक तुकडा टाकायचा ठरलं आहे, तो बाबांनी आणूनही ठेवला.